घरचा इंकजेट प्रिंटर घरीच दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की आमच्या सोसायटीत कुणीतरी प्रिंटर काखोटीला मारून माझं दार वाजवतंच. मे महिनाभर घर बंद, मंडळी गावी, आणि परत येऊन शाळेच्या प्रोजेक्टचं पहिलं पान काढायला जावं तर कागदावर नुसत्या पांढऱ्या रेघा. मी काही मेकॅनिक नाही. पण घरातले तीन आणि शेजारपाजारचे बरेच प्रिंटर आजवर उघडून झालेत, त्यातला एक माझ्या हातून कायमचा गेलाही. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतेय.

प्रिंटर खरंच बिघडलाय हे कसं ओळखायचं?

वर स्कॅनरची काच असलेला प्रिंटर असेल तर संगणकाची वायर काढा, काचेवर एखादं बिल ठेवा आणि प्रिंटरवरच्याच बटणाने झेरॉक्स काढा. झेरॉक्स स्वच्छ आली तर प्रिंटर ठणठणीत आहे. दुखणं संगणकात, वायरमध्ये नाहीतर वायफायमध्ये आहे. विंडोजवर बहुतेकदा रांगेत एखादी जुनी फाइल अडकून बसलेली असते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवा, रांग रिकामी करा, स्पूलर पुन्हा सुरू करा. वायफायचं म्हणाल तर घरी नवा राउटर बसवला की प्रिंटर जुन्याच नावाला शोधत राहतो. शिवाय घरगुती प्रिंटरांपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसतच नाही.

झेरॉक्सही खराब आली तर पुढे वाचा.

नॉझल चेकचं पान काढलं. आता त्यात बघायचं काय?

या पानाला लोक कमी लेखतात. मी मात्र ते बघितल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हरला हात लावत नाही. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये मेंटेनन्स नावाच्या भागात नॉझल चेक असतं. एप्सनच्या पानावर बारीक पायऱ्यांसारख्या रेषा येतात, कॅननवर जाळी आणि रंगांचे पट्टे. तुटलेली प्रत्येक पायरी म्हणजे शाई न सोडणारं एक छिद्र. एप्सन एल ३११० मध्ये काळ्यासाठी १८० आणि बाकीच्या तीन रंगांना प्रत्येकी ५९ छिद्रं आहेत आणि त्यांतून पडणारा लहानात लहान थेंब ३ पिकोलिटरचा असतो. म्हणजे एका मिलिलिटर शाईतून असे ३३ कोटी थेंब निघतात. एवढ्या बारीक भोकावर शाईचा पापुद्रा धरायला कितीसा वेळ लागणार!

नॉझल चेक एकदाच काढून थांबू नका. लागोपाठ दोनदा काढा आणि दोन्ही पानं खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा. तुटलेल्या जागा दोन्हीकडे तंतोतंत त्याच असतील तर छिद्रं सुकली आहेत. तुटलेल्या जागा दर पानाला बदलत असतील, किंवा रंग सुरुवातीला चांगला येऊन नंतर विरळ होत असेल, तर हेडपर्यंत (ही छिद्रं ज्या भागाला असतात, तो म्हणजे हेड) शाईच नीट पोचत नाही: नळीत हवा आहे, टाकीतली शाई खालच्या रेघेच्या खाली गेली आहे किंवा हवेचं भोक बंद झालंय. या दोन दुखण्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. सुकलेल्याला भिजवावं लागतं. हवा लागलेल्याची टाकी भरून त्याला रात्रभर न हलवता ठेवलं तरी पुष्कळदा निम्मं काम होतं.

पिवळा रंग तुटलाय का हे पांढऱ्या कागदावर धड दिसत नाही. खोलीत अंधार करून मोबाइलचा स्क्रीन पूर्ण निळा करा आणि त्या उजेडात पान धरा. पिवळ्या रेषा काळ्या दिसतात आणि तुटलेली एकेक जागा उठून येते.

हेड क्लीनिंग किती वेळा करायचं?

तीनदा. दर वेळी मध्ये नॉझल चेक काढायचं आणि तुटलेल्या जागा कमी होतायत का ते बघायचं. तिसऱ्यांदाही फरक नसेल तर प्रिंटर बंद करून निदान बारा तास त्याच्याकडे फिरकायचं नाही.

हे कुणालाच पटत नाही. सकाळी आठला मुलाला पान हवं असतं, मग रात्री अकरापर्यंत क्लीनिंगवर क्लीनिंग चालू राहतं. क्लीनिंग म्हणजे प्रिंटरच्या पोटातला छोटा पंप हेडच्या तोंडाला रबरी टोपी लावून शाई खाली ओढतो, एवढंच. भोक सुकलेलं असेल तर शाई मोकळ्या भोकांतूनच वाहून जाते आणि बंद असलेलं बंदच राहतं. वर फुकट गेलेली सगळी शाई आतल्या स्पंजात साठते. त्याची कथा पुढे येतेच आहे. रबरी टोपीत साठलेल्या ओल्या शाईने सुकलेला पापुद्रा आपोआप नरम होतो, त्याला वेळ तेवढा द्यावा लागतो. रात्री पाच पायऱ्या तुटलेल्या होत्या आणि सकाळी काहीही न करता एकच उरली, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरांत पॉवर क्लीनिंग नावाचा आणखी एक प्रकार असतो. त्यात नळीतली सगळी शाई बदलली जाते. प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली नसेल तर तो करू नका, उलट हवा आत ओढली जाईल. आणि दोन पॉवर क्लीनिंगमध्ये बारा तास जाऊ द्या.

माझ्या प्रिंटरचं हेड नेमकं कुठे असतं?

एचपीच्या ६८०, ८०३ किंवा कॅननच्या ७४५, ७४६ असल्या छोट्या कार्ट्रिज लागत असतील तर हेड कार्ट्रिजलाच असतं. खालची तांबूस चकचकीत पट्टी तीच. कार्ट्रिज बदलली की हेडही नवं.

कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या टाकीवाल्यांत शाई टाकीतून नळीने येते, पण हेड कार्ट्रिजसारखं वेगळं निघतं आणि सुटं विकत मिळतं. एप्सन आणि ब्रदरमध्ये हेड प्रिंटरच्याच अंगात बसवलेलं असतं आणि ते गेलं तर खर्च जवळजवळ नव्या प्रिंटरच्या अंगाला येतो.

आतला कारभारही वेगळा आहे. एचपी आणि कॅननमध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुडा करतात आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. १९७७ साली कॅननच्या इचिरो एन्दो यांच्याकडून तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं, सुईतून शाई उडाली आणि त्यातून ही कल्पना निघाली, असं कंपनी सांगते. एप्सन आणि ब्रदरमध्ये विजेचा दाब मिळाला की वाकणारा स्फटिक थेंब ढकलतो, तिथे उष्णता नाही. घरी कामाला येणारा फरक एवढाच: तापणाऱ्या हेडला शाईच थंड ठेवते. शाई संपलेली असताना छापत राहिलात तर ते जळतं, आणि जळलेलं हेड कितीही भिजवलं तरी परत येत नाही.

कार्ट्रिज सुकली आहे. फेकून देऊ?

आधी हे करा. बशीत कोमट पाणी घ्या (हाताला सोसेल इतकंच), त्यात किचन टिश्यूची घडी ओली करून पिळा आणि कार्ट्रिजचं तोंड दोन-तीन मिनिटं तीवर टेकवून ठेवा. घासायचं नाही. मग कोरड्या टिश्यूवर हलकेच दाबून उचला. काळीला एक ठसठशीत पट्टा उमटला पाहिजे, रंगीतला तीन वेगळे. तीनपैकी एक येत नसेल तर आणखी दोनदा करून बघा. शेवटी तांब्याचे बारीक ठिपके कोरड्या सुती कापडाने पुसा, बोटाचा तेलकटपणा लागला तरी ‘कार्ट्रिज ओळखता येत नाही’ असा संदेश येतो. पट्टे स्वच्छ आले आणि तरीही छपाईत तो रंग नाही, तर मग खुशाल फेका.

एप्सनचं हेड तर निघत नाही. ते भिजवायचं कसं?

एक रात्र लागेल. प्रिंटर चालू करून काहीतरी छापायला लावा, आणि हेड उजवीकडच्या जागेवरून हलून मधे आलं की प्लग उपटा. (पुढे मी प्लग उपटू नका म्हणून कानीकपाळी ओरडणार आहे. हा एकच अपवाद.) आता हेड हाताने सरकतं. हळूच डावीकडे न्या.

उजवीकडे आत एक चौकोनी रबरी टोपी आणि तिच्यात स्पंज दिसेल. सुकलेल्या प्रिंटरमध्ये त्या स्पंजावर गुळाच्या पाकासारखा चिकट थर असतो. ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटरचे चार-पाच थेंब सोडा, पाच मिनिटांनी टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या, परत थेंब सोडा. टोपीची रबरी कड चौफेर पुसा. ती कड स्वच्छ नसेल तर हेडला घट्ट बसत नाही, पंप हवाच ओढतो आणि क्लीनिंग कितीही केलं तरी फुकट. हेडला शिव्या घालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं मला या टोपीतच सापडलंय.

मग किचन टिश्यूची तीन बोटं रुंद, दोनच पदरांची पट्टी करा, डिस्टिल्ड वॉटरने ओली करा, हेडच्या वाटेवर सपाट अंथरा आणि हेड तिच्यावर आणून ठेवा. घडी जाड झाली तर हेड अडकतं, जोर लावू नका. सकाळी पट्टी काढाल तेव्हा तिच्यावर रंगांचे पट्टे उमटलेले असतील. कोणता रंग फिकट आहे ते तिथेच कळतं. हेड हाताने उजवीकडे सरकवून ठेवा, प्लग लावा, एक क्लीनिंग, एक नॉझल चेक. सुधारणा दिसली पण पुरती नसली तर दुसऱ्या रात्री परत.

पाणी डिस्टिल्डच हवं का? सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर चालेल?

बोअरच्या पाण्याने किटलीत जो पांढरा थर धरतो, तोच या छिद्रांत धरेल. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरची बाटली स्वस्तात मिळते. घेताना बाटलीवरचं नाव वाचा, त्याच फळीवर ॲसिडही ठेवलेलं असतं. सॅनिटायझरमध्ये घट्टपणासाठी घातलेले पदार्थ असतात, ते भोकात बसतात. रिमूव्हर अजिबात नको, ॲसिटोनने प्लास्टिक आणि हेडचा डिंक दोन्ही विरघळतात.

यूट्यूबवर सिरिंजने पाणी दाबून हेड साफ करताना दाखवतात. करू का?

मी मारलेला प्रिंटर याच पायी गेला. सिरिंजला सलाइनच्या नळीचा तुकडा लावून हेडच्या शाई घेणाऱ्या नळकांडीवर बसवतात, तो जुगाड चुकीचा नाही. चुकतो अंगठा. मला वाटलं अडलंय, म्हणून जोर दिला. आतला पडदा फाटला आणि निळा रंग पिवळ्यात शिरला. त्यानंतर प्रत्येक पान हिरवट. करायचंच असेल तर सुई काढलेली लहान सिरिंज घ्या, पाणी स्वतःच्या वजनाने उतरू द्या, आणि उतरत नसेल तर तासभर तसंच ठेवा. दांडा दाबायचा मोह झाला तर सिरिंज खाली ठेवून चहा करायला जा.

रात्री मेन बटण बंद करतो, त्याने काही होतं का?

होतं, आणि बहुतेक घरांत हेच होतं. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं की हेड टोपीवर जाऊन झाकलं जातं. भिंतीवरचं बटण आधी बंद केलं तर हेड असेल तिथे उघडं राहतं आणि चार दिवसांत सुकतं. एक्स्टेन्शन बोर्डावर प्रिंटर, संगणक आणि राउटर एकत्र असतील तर ही चूक रोज रात्री घडते. आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझेपर्यंत थांबा, मगच भिंतीचं. छापताना वीज गेली तर वीज आल्यावर प्रिंटर चालू करून नीट बंद करा, ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नका.

दोन लाल दिवे आलटून पालटून लागतायत. कॅननवर ५बी०० आलंय. संपला का प्रिंटर?

संपला नाही. क्लीनिंगमध्ये वाहून गेलेली शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या जाड स्पंजात जाते. किती शाई गेली याचा हिशेब प्रिंटर एका आकड्यात ठेवतो. स्पंज खरंच किती भिजलाय हे तो तपासत नाही. आकडा भरला की प्रिंटर छपाई थांबवतो. म्हणून जास्त क्लीनिंग करणाऱ्याचा प्रिंटर दोन वर्षांत अडतो आणि दुसऱ्याचा सहा वर्षं चालतो.

काम दोन भागांत आहे: स्पंज बदलणं आणि आकडा शून्यावर आणणं. कितीतरी लोक फक्त दुसरं करतात. आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी तसंच करून घेतलं होतं. सहा महिन्यांनी प्रिंटरखालच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर काळपट जांभळा नकाशा उमटला आणि काकूंनी प्रिंटर थेट गॅलरीत नेऊन ठेवला.

एप्सनच्या बऱ्याच मॉडेलांत मागच्या बाजूचा एक स्क्रू काढला की स्पंजाचा ट्रे बाहेर येतो. हातमोजे घाला, खाली वर्तमानपत्राचे आठ-दहा थर. नवा स्पंज मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतो. जुना धुऊन वाळवता येतो, पण तो वाळायला कडक उन्हात दोन-तीन दिवस लागतात, आणि बाथरूमची फरशी कितीही घासली तरी आठवडाभर गुलाबी राहते.

आकडा शून्यावर आणायचं सॉफ्टवेअर फुकट देणाऱ्या साइटींपासून दूर राहा. ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असं जिथे लिहिलंय तिथून काहीही उतरवू नका. बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर करता त्यावर तर नकोच. हे एवढं काम मी सर्व्हिस सेंटरकडून करून घेते.

कागद ओढत नाही, किंवा चार-चार एकदम ओढतो.

ओढत नसेल तर रबरी रोलरवर कागदाची भुकटी बसली आहे. पाण्याने ओलसर केलेल्या सुती फडक्याने रोलर फिरवत फिरवत पुसा. स्पिरिट रोज वापरू नका, रबर कडक होतं.

चार-चार ओढत असेल तर कॅलेंडर बघा. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये उघडा राहिलेला कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतो, कडा वर उचलल्या जातात आणि हेडला घासतात. रीम मूळ वेष्टनात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ट्रेमध्ये लागतील तेवढेच वीस-पंचवीस कागद.

अडकलेला कागद प्लग काढून, दोन्ही हातांनी, सावकाश, तो जात होता त्याच दिशेला ओढा. फाटला तर तुकडे जुळवून बघा. एक कोपरा आत राहिला तरी प्रिंटर पुन्हा पुन्हा ‘पेपर जॅम’ म्हणत राहील. मागून मोबाइलचा टॉर्च मारा. आजवर मला आत पेन्सिलचं टोपण, रांगोळीचं स्टिकर, केसांचा आकडा आणि एकदा पालीची दोन अंडी सापडली आहेत.

हेड कडेला आपटतं, धडधड आवाज येतो, अक्षरं सरकून छापली जातात.

हेडच्या मागून डावीकडून उजवीकडे गेलेली एक पारदर्शक पट्टी दिसेल. नुसत्या डोळ्यांना ती राखाडी वाटते. भिंगातून पाहिलं तर तिच्यावर अगदी बारीक उभ्या रेषा असतात. हेड त्या रेषा मोजत धावतं. पट्टीवर शाईचा शिंतोडा किंवा वंगण लागलं की मोजणी चुकते आणि ते भिंतीला जाऊन धडकतं. कॅननवर बहुधा ५१०० हा आकडा येतो. चष्मा पुसायचं फडकं पाण्याने किंचित ओलं करून पट्टी दोन बोटांत धरून हळुवार पुसा, मग कोरड्याने. पट्टी तिच्या हुकातून निसटली तर आधी फोटो काढून ठेवलेला बरा, उलटी बसली तर चालत नाही.

हेड ज्यावर धावतं त्या दांड्यावर शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेल सोडू नका. ते पसरतं, धूळ धरतं आणि शेवटी याच पट्टीवर येतं.

बाहेरची स्वस्त शाई वापरू का?

वॉरंटी संपली असेल तर तुमची मर्जी. एक मात्र बघा: शाई दोन जातींची असते, पाण्यात विरघळलेली आणि पाण्यात बारीक कण तरंगणारी. एप्सनच्या ००३ मालिकेतली काळी पहिल्या जातीची, कॅननच्या जी मालिकेतली काळी दुसऱ्या जातीची. एकीच्या जागी दुसरी घातलीत तर नळीत गाळ धरेल.

चुकून भलत्या टाकीत शाई ओतली तर एकही पान छापू नका, क्लीनिंग तर नाहीच. सिरिंजने लगेच टाकी उपसा, डिस्टिल्ड वॉटर घालून परत उपसा, मग बरोबर शाई भरा. नळीत उतरायच्या आत केलंत तर निभावतं.

सुकू नये म्हणून किती दिवसांनी छापावं?

आठवड्यातून एक पान, चारही रंग असलेलं. काळं-पांढरं विजेचं बिल छापून रंग जिवंत राहत नाहीत. मे महिन्यात गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे झाडांना पाणी घालायला किल्ली देताच, त्यांना एक पान छापायलाही सांगा.

वॉरंटी आहे. तरी उघडू?

नका उघडू. टाकीवाल्या प्रिंटरांच्या वॉरंटीला वर्षांबरोबर पानांचीही मर्यादा असते, कार्डावर बघून घ्या.

हार कधी मानायची?

जळका वास आला, चालू केल्याबरोबर सगळे दिवे लागून बंद झाला, किंवा तीन रात्री भिजवूनही एक आख्खा रंग शून्य असेल तर. दुकानात नेताना टाकीतली शाई सांडू नये म्हणून प्रिंटर आडवाच धरा, स्कूटरवर उभा करून नेऊ नका. आणि दुरुस्तीचा आकडा ऐकण्याआधी हेडची किंमत वेगळी विचारा.

मग जुन्या प्रिंटरचं काय करायचं?

कचऱ्याच्या गाडीत नको. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात, अधिकृत संकलन केंद्रावर द्या. देण्याआधी टाक्या उपसून घ्या. घरात खटपट्या मुलगा किंवा मुलगी असेल तर मोटर, दातेरी पट्टा आणि हेड ज्यावर धावतं तो गुळगुळीत पोलादी दांडा काढून ठेवा. हौशी लोक त्यातून छोटी यंत्रं बनवतात. मी मारलेल्या प्रिंटरच्या दांड्यावर सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा आहे.